दहावा खिळा

फोन आला तेव्हा मी दुकानात खोटं बोलत होतो. हे कबूल करायला आता हरकत नाही, कारण जिच्यापुढे ते कबूल करायला लागायचं ती राहिली नाही. हिंगणघाटात माझं भांड्यांचं दुकान आहे आणि भांड्याबरोबर त्याची कथा विकल्याशिवाय मला करमत नाही. त्या सकाळी दोन गिऱ्हाइकं आणि शेजारचा कापडवाला एवढ्या श्रोत्यांपुढे मी एका गंजाची, म्हणजे पातेल्याची, कथा लावली होती... अस्साच गंज, फक्त जरा मोठा, माझ्या भावाच्या लग्नात रोहण्याला चुलीवर चढला होता, आणि त्यातलं बाराशे पाव्हण्यांचं वरण ढवळायला आचारी होडी घेऊन आत उतरला होता. होडी वरणाच्या मधोमध आली आणि खिशातला मोबाइल वाजला. सिंदीहून मोठा भाऊ बोलत होता. तो दोनच शब्द बोलला. मी मोबाइल खिशात ठेवला आणि समोरच्या तिघांना म्हणालो, "माझी वहिनी गेली."

"कुठी गेली?" कापडवाल्यानं विचारलं. "त्याच होडीत बसून?"

गिऱ्हाइकं हसली. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत पुढच्या वाक्याची वाट पाहत होते. मी पुढचं वाक्य बोललो नाही तेव्हा कुठे त्यांचे चेहरे बदलायला लागले. जन्मभर फुगवून बोलण्याची एवढी मोठी शिक्षा मला कधी मिळाली नव्हती. गल्ला उघडा टाकून मी बसस्टँडकडे निघालो आणि सगळ्या वाटेत एकच गोष्ट डोक्यात येत होती, की माझ्या बोलण्यातलं खरं किती आणि वारा किती हे अचूक सांगणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते आज गेलं.

कुमुदवहिनी रोहण्याची, शेतकऱ्याघरची. सिंदी रेल्वे या गावाला आमचं किराणा दुकान, पुढे दुकान आणि मागे घर. ती लग्न होऊन आली तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं, मी वीस-एकवीस वर्षांचा होतो आणि गावातल्या निम्म्या अफवा माझ्या मालकीच्या होत्या. नव्या सुनेची पेटी उघडायला गल्लीतल्या बाया जमल्या. वर लुगडी निघाली, मग स्टीलचा डबा, मग आरसा, आणि तळाशी हातरुमालात गुंडाळलेला एक लोखंडी बोल्ट... नांगराचा, बोटभर जाडीचा, त्याच्यावर लाल-काळी तार घट्ट गुंडाळलेली. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारच्या काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "करणी तं नाई न?"

वहिनीनं मान वर न करता सांगितलं, "चुंबक आहे काकू. मी केलेला."

तेवढं मला पुरेसं होतं. संध्याकाळपर्यंत मी गावभर सांगून आलो की आमच्या वहिनीनं माहेरून असा चुंबक आणलाय की स्टेशनात शिरणारी मालगाडी आमच्या घराच्या बाजूला झुकते. दोन माणसं खरोखर रुळांपाशी बघायला गेली. दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला आत बोलावलं. दुकानातल्या खिळ्यांची पुडी चटईवर ओतली, बोल्टाच्या तारेची दोन टोकं टॉर्चच्या दोन सेलांना लावली आणि बोल्ट खिळ्यांवर धरून उचलला. मग एकेक खिळा मला मोजायला लावला. नऊ. पुन्हा केलं. नऊ. दहावा खिळा तिनं हातानं त्याला लावून दिला, तो क्षणभर लटकला आणि पडला.

"नऊ उचलते. दहावा पडते," ती म्हणाली. "लोकाले सांगायचं असन तं नऊ सांगजा."

"आन् दहा सांगतले तं काय बिघडते, वहिनी?"

"दहाव्याच्या भरवशावर कोनी खाली उभा राह्यला तं?"

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवीन वाक्य सुरू झालं. मी अंगणात काहीही ठोकून देत असलो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "मोजलं काय, भाऊजी?"

तो बोल्ट तिनं कसा केला ही कथा तिच्याकडून काढायला मला वर्ष लागलं, कारण स्वतःविषयी बोलायची तिला सवयच नव्हती. शाळेच्या पुस्तकात चित्र होतं, पण शाळेत ना तार होती ना सेल. तिच्या बापाच्या विहिरीवरची मोटर जळाली, वाइंडिंगवाल्यानं आतली जळकी तार काढून उकिरड्यावर टाकली, आणि पोरीनं त्यातली न जळालेली बोटबोट, हातहात तार निवडून जोडून घेतली. बोल्टावर गुंडाळली. खिळा काही चिकटेना. पंधरा दिवस ती सेल बदलत राहिली, बोल्ट बदलत राहिली, घरात ओरडा खात राहिली. मग एकदा वैतागून तिनं तारेचं टोक दातात धरून ओढलं, दाताखाली करकर झालं आणि काळं काहीतरी निघून आतलं तांबं उघडं पडलं. मग दुसरं टोक आणि मधले सगळे जोडही तिनं तसेच खरवडले, टोकं सेलाला लावली आणि खिळा टचकन बोल्टाला जाऊन बसला. "तारेले कपडे असते भाऊजी," ती मला सांगत होती. "वार्निशचे. अंगभर राहू द्यायचे, फक्त टोकावरचे काढायचे. पन हे मले कोनं सांगतलंच नाई." पुढे बारावीपर्यंत विज्ञान शिकली, नंतर लग्न झालं. तिला आणखी शिकायचं होतं, हे ती कधीच म्हणाली नाही. पण लुगड्यांच्या पेटीत बोल्ट कोण आणतं?

आमची कोळशाची खोली तिनं हळूहळू ताब्यात घेतली. गॅस आल्यापासून तिथे उंदीर सोडून कोणी जात नव्हतं. फुटका भोंगा, ट्यूबलाइटचा बाद चोक, मोडक्या सायकलच्या घंट्या, तेलाच्या डब्यांचा पत्रा, लोखंड कापायच्या हेक्सॉचं मोडलेलं पातं... भंगारवाला आमच्या घरापुढे गाडी उभी करायचा ती घ्यायला नाही, द्यायला. दुपारी भांडी आवरली की वहिनी तिथे. कधी पाण्यावर तरंगणारी सुई, सेलाला जोडलेली तार जवळ नेली की मान वळवायची. कधी पत्र्याची चकती आणि भोंग्यातला चुंबक, त्यातून रेडिओ बोलायचा, जरा नाकात. मी मदतनीस होतो म्हणजे मी बाजूला बसून अडथळा आणायचो. तार गुंडाळताना ती वेढे मोजायची, दर शंभराला एक तुरीचा दाणा वाटीत टाकायची. एकदा मी मध्येच "किती झाले?" म्हणून विचारलं आणि तिचा आकडा चुकला. तिनं सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी म्हणालो, "अंदाजानं धरून घे न, वहिनी." ती म्हणाली, "आज अंदाजानं केलं तं उद्या बिघडल्यावर काय पाहून सुधारू?"

आमचे वडील, बाबूजी, म्हणजे आवाज; वहिनी त्यांना मामाजी म्हणायची. दुकानाच्या गादीवरून ते "चहा" म्हणाले की आमच्याच नाही, चार घरांत चहा ठेवला जायचा. स्टेशनमास्तर म्हणे त्यांच्या हाकेवर घड्याळ लावायचा. त्या बाबूजींना एका सकाळी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची, तीही कशीबशी, माशी हाकलायलासुद्धा न पुरणारी. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, चार-सहा महिने धरा.

आणि मग ती दुपार आली. त्या दुपारविषयी मी आजवर कोणाला काही सांगितलेलं नाही, कारण तिच्यात वाढवण्यासारखं काहीच नाही. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती, भाऊ आणि मी पुढे होतो, वहिनी पाणी भरायला गेली होती. ती परत आली तेव्हा बाबूजींच्या खाटेवरून लाल मुंग्यांची रांग चढली होती, गळ्यावरून गालावर, गालावरून डोळ्याच्या कडेपर्यंत. बाबूजी जागे होते. किती वेळ जागे होते कोणास ठाऊक. ज्या माणसाच्या एका हाकेनं चार घरांतला चहा उकळायचा त्याला पंधरा हातांवरच्या पोरांना बोलावता आलं नाही. वहिनीनं मुंग्या झटकल्या, तोंड पुसलं, तेल लावलं. दुसऱ्या दिवसापासून बाबूजींनी तोंड मिटलं. चमचा ओठाला लावला की मान वळवायचे. पेज नाही, दूध नाही, दोन घोट पाणी तेवढं.

आम्ही खाटेला दोरी बांधून घंटी लटकवली, ती ओढायला जोर नव्हता. हाताशी पितळी पेला ठेवला, तो एकदा पडला की संपलं. भाऊ नागपूरहून विजेची बेल घेऊन आला, तिचं बटण दाबायला त्या दोन बोटांना जमेना आणि दाबलं असतं तरी अर्धा दिवस लाइन नसायची. वहिनी हे सगळं बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं बाबूजींच्या बोटांखाली पत्र्याची पातळ पट्टी धरली, मग त्याहून पातळ, मग त्याहून पातळ. किती हलतात ते बघत होती. मग मला म्हणाली, "भाऊजी, हिंगणघाटच्या वाइंडिंगवाल्याकडून बारीक तार आणजा. चांगली. जळकी नाई पाह्यजे. आन् लवकर. मामाजी जेवून नाई राह्यले."

मी गेलो. तार आणली. आणि परत येताना मला वाटलं, आयुष्यात एक काम तरी मनापासून करावं. ती तार काळपट लाल होती, जुनी दिसत होती. बाबूजींसाठी असली मळकी तार नेऊन द्यायची? मी दुकानातला पॉलिश पेपर घेतला आणि मागच्या ओट्यावर बसून ती सगळी तार, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत, घासून काढली. चार तास लागले. बोटांची सालं निघाली. सोन्यासारखी झगमगणारी तार मी वहिनीच्या पुढे ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

वहिनीनं तार हातात घेतली, उजेडात धरली. मग माझ्या बोटांकडे पाहिलं.

"काऊन घासली, भाऊजी?"

"चमकली नाई का?"

"चमकली," ती म्हणाली. "कपडेच काढून टाकले तुमी तिचे. आता हा वेढा त्या वेढ्याले चिकटन, आन् करंट आडवाटेनं पळून जाईन. सेल गरम होईन न् घंटी गप राहीन." मी मान खाली घातली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "किती हात होती?" मी म्हणालो, "असन शंभर..." आणि थांबलो. मग खरं सांगितलं, "मोजली नाई, वहिनी."

बाबूजींचा आणखी एक उपाशी दिवस माझ्या नावावर लागला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जाऊन मी दुसरी तार आणली आणि वाटेत तिच्याकडे डोळे वर करूनही पाहिलं नाही. वहिनीनं बोल्टावर चारशे वेढे घातले, वाटीत चार तुरीचे दाणे पडले. पुढे हेक्सॉचं पातं, पात्याच्या टोकाला नट, नटासमोर सायकलच्या घंटीची वाटी. करंट आला की बोल्ट पात्याला ओढणार, ओढलं की जोड तुटणार, तुटला की पातं मागे येणार, पुन्हा जोड लागणार... तेवढ्यात पाच-पन्नासदा टणटण. वाजली. आम्ही दोघं ओरडलो. आणि थोड्याच वेळात गप झाली. जोड लागतो तिथे ठिणगी उडत होती आणि पत्रा जळून काळा पडत होता. तिनं पितळ लावून पाहिलं, तेही काळं पडलं. वहिनीनं तो काळा ठिपका नखानं खरवडून पाहिला. मग म्हणाली, "चांदी पाह्यजे. चांदीवर काळं चढलं तरी करंट जाते." घरात चांदीची भांडी होती, पूजेची होती, पण कपाटाची किल्ली भावाकडे आणि भाऊ वर्धेला. वहिनीनं पाय पुढे घेतला. तिच्या पायात वेढ्यांची जोडवी होती, तीन तीन वेढ्यांची. मला पकड मागितली.

"वहिनी, जोडव्याले हात नको लावू. कोनी पाह्यलं तं..."

"जोडवं काढून नाई राह्यली," ती म्हणाली. "अर्धा वेढा घेऊन राह्यली. अडीच उरते. मोजा पाह्यजे तं."

त्या अर्ध्या वेढ्याचे दोन तुकडे तिनं पात्यावर आणि जोडावर झाळले. घंटी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बसली, पातळ पट्टीचं बटण बाबूजींच्या बोटांखाली. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी खाटेपाशी होतो. बाबूजींनी बोटांखालच्या पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोट हललं की नाही हे मला दिसलंसुद्धा नाही... आणि आतून घंटी वाजली, आणि पाठोपाठ वहिनीचा आवाज, "आली, मामाजी."

बाबूजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी पुन्हा वाजवली. पुन्हा "आली, मामाजी." पुन्हा वाजवली. त्या एका दुपारी किती वेळा वाजवली हे मी मोजलेलं आहे, सदतीस वेळा, आणि सदतीस वेळा वहिनी आली. संध्याकाळी त्यांनी वाटीभर पेज खाल्ली.

मग त्या घंटीची भाषा ठरली. एकदा म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे कुशीवर वळवा. आणि तीनदा म्हणजे त्या लबाडाला बोलवा. बाबूजींना माझ्या कथा ऐकायच्या असायच्या. मी खाटेपाशी बसून सांगायचो, वेणा नदीला आलेला पूर हत्तीच्या कानाला लागला, सिंदीच्या बाजारात कापसाच्या गंजीत अख्खी जिनिंग फॅक्टरी हरवली... आणि मी फार वर चढलो की बाबूजींचं बोट हलायचं. टण. आतून वहिनीचं हसू यायचं आणि पाठोपाठ, "मामाजी इचारून राह्यले, मोजलं काय?" डॉक्टरांचे चार-सहा महिने कधीच संपले. बाबूजी त्या घंटीवर चार वर्षं जगले. हा आकडा मोजलेला आहे.

बाबूजी गेल्यावर घंटी काढून टाकावी असं कोणाला वाटलं नाही. वहिनीनं फक्त तिची जागा उलटी केली, घंटी बाहेरच्या खोलीत आणि बटण स्वयंपाकघरात. तोवर मी हिंगणघाटला दुकान थाटलं होतं; तिथून आलो, पाव्हणे जमले, मी सुरू झालो की आतून टण. पाव्हणे दचकायचे, मी आकडा खाली आणायचो. पुढची सगळी वर्षं ती कोळशाच्या खोलीत दुपारी गल्लीतल्या बायांना जमवायची, कोणाचा मिक्सर उघडायची, कोणाची बेल, आणि पहिला धडा प्रत्येकीला तोच... टोकावरचंच खरवडायचं, बाकीचं अंगावर राहू द्यायचं. दर उन्हाळ्यात रोहण्याला जाताना पिशवीभर बोल्ट आणि तार न्यायची, आपल्या जुन्या शाळेत ठेवून यायची.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. पोटाच्या दुखण्यानं ती अर्धी झाली होती, सलाइन चालू होतं. मी गेलो आणि तिला हसवायला म्हणून सांगायला लागलो की तुझ्या काळजीनं हिंगणघाटचा बाजार आठ दिवस बंद आहे. ती नळीकडे बघत होती. बोटानं मला थांबवलं. ओठ हलत होते. थोड्या वेळानं म्हणाली, "मिनिटाले बावीस थेंब. सिस्टरनं वीस सांगतले होते." मी सिस्टरला बोलावलं, तिनं घड्याळ लावून मोजलं, हसली आणि नळीवरची चकरी जरा आवळली. मी निघताना वहिनी म्हणाली, "बाजाराचं खरं किती, भाऊजी?" मी म्हणालो, "माझं एक दुकान बंद आहे, वहिनी. आजच्या दिवस." ती म्हणाली, "हं. हे बरोबर आहे."

ती गेली त्या दिवशी तिला सवाष्ण म्हणून सजवताना एक नातेवाईक बाई म्हणाल्या, या पायाचं जोडवं तुटकं आहे, नवं आणा. भाऊ म्हणाला, "नको. बरोबर आहे ते." अडीच वेढे. मी वाकून पाहिले.

तेरवीला बाहेरच्या खोलीत माणसं दाटली होती. घंटी जिथे होती तिथेच होती. सकाळी मीच तिचे सेल बदलले होते, पट्टीला बोट लावून पाहिलं होतं, वाजत होती. कोणीतरी म्हणालं, कुमुदताईनं पहिल्यांदा चुंबक आणला तेव्हाचं सांगा. मी सांगायला बसलो. पेटी, लुगडी, काकू, करणी... माणसं हसायला लागली, मलाही बरं वाटायला लागलं आणि जीभ सुटली. म्हणालो, "त्या बोल्टानं एका दमात नव्वद खिळे उचलले."

आणि थांबलो. स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिलो. माणसंही थांबली, माझ्या तोंडाकडे बघत, पुढच्या वाक्याची वाट पाहत. आतून भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी पाणी मागितलं. घंटी भिंतीवर गप होती.

"नऊ," मी म्हणालो. "दहावा पडते."